फुलटोच्याचा मिस्ड कॉल

नेरूळची खोली बघायला जायच्या आधी मी घरमालकीण काकूंना फोन केला, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही, व्हेज की नॉनव्हेज तेही विचारलं नाही. म्हणाल्या, "एक ते वीस आकडे म्हण."

मला वाटलं राँग नंबर लागला. पण खोलीची गरज फार होती. ऐरोलीच्या कंपनीत लागून पंधरा दिवस झाले होते आणि तोवर मी एका मैत्रिणीच्या घरी, तिच्या सासूच्या कपाळावरच्या आठ्या बघत दिवस काढत होते. म्हटलं आकडे. पंधरापर्यंत पोचले तोच पलीकडून आवाज आला, "बास. परभणी का हिंगोली?"

"परभणी. जिंतूर."

"वाटलंच. अकरा म्हणालीस तेव्हाच कळलं. आवाज स्वच्छ आहे. थोडा खोटेपणा आहे, पण तो नोकरीच्या वयात असतोच. रविवारी ये. फक्त सकाळी लवकर येऊ नको, मी घरात नसते."

काकू सकाळी लवकर कुठे जातात हे मला महिन्याभरात कळलं, आणि पुढची तीन वर्षं मीही त्यांच्याबरोबर जात राहिले.

काकूंनी उभं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलं होतं. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एकोणिसाव्या वर्षी मुंबईला आल्या आणि ट्रंक बोर्डावर बसल्या. तेव्हा परगावी बोलायचं तर आधी कॉल बुक करावा लागे, मग तासन् तास वाट बघावी लागे, आणि शेवटी दोन टोकांच्या दोन माणसांना वायरीनं जोडून द्यायचं काम करायची ती बाई म्हणजे काकू. डाव्या कानाला हेडसेट, उजवा कान मोकळा. ती सवय इतकी भिनलेली की आजही इअरफोन लावला तर डाव्याच कानात. उजवी गुंडी छातीवर लोंबत असे.

या नोकरीनं त्यांना दोन आवाज दिले होते. एक टेलिफोनचा, इस्त्री केलेला, शब्दांची टोकं नीट घडी घालून ठेवलेला. दुसरा गावचा. रागावल्या की पहिला आवाज गळून पडे आणि "आगं ए बये, काय करतीयास?" असा दुसरा बाहेर येई. दूधवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे आधी कान देऊन ऐकत, आज कुठला आवाज लागलाय.

चेहरे मात्र त्यांच्या लक्षात राहत नसत. नेरूळ स्टेशनच्या भाजीबाजारात मी समोर उभी राहून हसले तर त्या बाजूनं निघून जायच्या. "काकू" म्हटलं की जागच्या जागी थांबायच्या. "अगं, तू आहेस होय! मग आधी बोलायचं नाही का?" एकदा सख्ख्या दिरालाच त्यांनी दारातून "काही नको आम्हाला" म्हणून परत पाठवलं होतं. बिचारा बोलण्याआधीच दार लागलं.

रिटायर झाल्यानंतरच्या पहिल्या सकाळची गोष्ट त्यांनी मला बऱ्याचदा सांगितली. नवरा मार्केटला मापाडी होता, तो आधीच गेलेला. मुलगी बंगळुरूला. सकाळी साडेपाचला जाग आली आणि कानांना कामच नाही. त्या रो-हाऊसच्या मागच्या पायरीवर येऊन बसल्या. तेवढ्यात समोरच्या सिंगापूर चेरीच्या झाडावर कोणीतरी बोललं. पलीकडच्या गल्लीतून दुसऱ्यानं उत्तर दिलं. मग पहिला पुन्हा बोलला.

"मला वाटलं, लाईन लागली," काकू म्हणायच्या. "पण कोणाकोणाची लागली तेच कळेना. असं माझं कधी झालं नव्हतं."

ते दोन दयाळ पक्षी होते. हे कळायला त्यांना चार महिने लागले, कारण त्यांनी ना पुस्तक आणलं ना दुर्बीण. पक्षी दिसला की त्या डोळे मिटून घेत. "डोळे उघडे ठेवले की कान आळशी होतात," हे त्यांचं ठाम मत होतं. थंडीत आमच्याकडे खाडीच्या बाजूला फ्लेमिंगो येतात, तेव्हा हातभर लांब लेन्सा घेऊन लोकांची झुंबड उडते. काकू त्यांच्याकडे पाठ करून झुडपातला वटवट्या रेकॉर्ड करत उभ्या असायच्या. "गुलाबी आहेत म्हणून काय झालं? बोलतात तर बदकासारखे."

रेकॉर्ड करायचं त्यांचं यंत्र म्हणजे नवऱ्याची मोठी काळी छत्री. ती उघडायची, आडवी धरायची, पोकळ बाजू पक्ष्याकडे. आतून चांदीचा कागद चिकटवलेला. दांड्याला रबरबँडनं मोबाइल बांधलेला, त्याचा माइक छत्रीच्या पोटाकडे. लांबचा बारीक आवाज छत्रीत गोळा होऊन मोबाइलवर पडायचा, आणि खरोखर छान पडायचा. पण बघणाऱ्याला काय दिसे? कोरड्या ठणठणीत सकाळी एक बाई आडवी छत्री धरून, डोळे मिटून झाडासमोर उभी. करावे गावच्या जेट्टीवर एक नाखवा होडी बांधता बांधता थांबला आणि ओरडला, "ओ बाय, छत्री सुलटी धरा, आनि पाऊस पन नाय!"

काकूंनी डोळे न उघडता सांगितलं, "दादा, माझ्या रेकॉर्डिंगमध्ये आलात तुम्ही. आवाज चांगला आहे. आता दोन मिनिटं गप बसा."

नाखवा खरंच गप्प बसला. त्यानंतर आम्ही जेट्टीवर गेलो की तो दुरूनच आधी हात वर करून विचारायचा, बोलू का?

प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला काकू टेलिफोनच्या आवाजात घोषणा करत. "नेरूळ. पाच वाजून बावन्न मिनिटं. वारा नाही. कचऱ्याची गाडी एक." घरी आल्यावर चहाच्या आधी रजिस्टर. त्यात कोण, कुठून, किती वेळ असे रकाने, आणि शेवटी शेरा. इथलेच पक्षी म्हणजे लोकल कॉल. थंडीत लांबून येणारे म्हणजे ट्रंक कॉल. कॉलचे प्रकारही जुनेच, साधा, अर्जंट आणि लाइटनिंग. मांजर दिसल्यावर साळुंकी ओरडते तो लाइटनिंग. एका पानावर मी वाचलं होतं, "पावशा. साधा. अकरा वेळा लावला. पलीकडून कोणी उचलला नाही." त्या शेऱ्यावर मी हसले तर काकू गंभीरपणे म्हणाल्या, "हसू नको. मीही ऐकत होते पलीकडून कोणी उचलतंय का."

या रेकॉर्डिंगमध्ये पक्ष्यांबरोबर माणसंही यायची. सकाळी फिरायला येणारे लोक झाडाखाली काय काय बोलतात! कोणाची सून, कोणाचं प्रमोशन, कोणाचा चोरून चाललेला फ्लॅटचा सौदा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी फिस्सकन हसले. काकूंनी हेडफोन माझ्या कानातून काढून घेतला.

"लाईनवर ऐकलेलं कानातच ठेवायचं. मी मंत्र्यांचे कॉल जोडलेत आणि त्यांच्या बायकांचेही. एक शब्द बाहेर गेला नाही. तुझ्याकडून गेला तर खोली बदलावी लागेल."

सोसायटीतल्या एका बाईंनी एकदा गोड गोड बोलत विचारलं, "आमचे हे बाकावर बसून फोनवर कोणाशी बोलत होते हो? तुमच्या त्या छत्रीत आलं असेल ना?" काकू म्हणाल्या, "त्यांच्या मागे बुलबुल बोलत होता. तेवढं सांगू शकते."

आणि हास्यक्लबची गोष्ट तर आमच्या सेक्टरमध्ये अजून सांगतात. बागेत पहाटे सहाच्या ठोक्याला वीस-पंचवीस माणसं हात वर करून हसायची. नेमकी पक्ष्यांच्या बोलण्याची वेळ. काकूंनी भांडण केलं नाही. आठवडाभर ते हसणं रेकॉर्ड केलं आणि क्लबच्या प्रमुखांकडे गेल्या. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावानं सरळ.

"जरा हा पक्षी ओळखता का?" म्हणून काकूंनी मोबाइल त्यांच्या कानाला लावला.

गृहस्थांनी मन लावून ऐकलं. "टिटवी?"

"नाही."

"मग... मोर? पण इथं मोर कुठला?"

"तुम्ही आहात," काकू म्हणाल्या. "गुरुवारचे."

आजूबाजूला उभे असलेले क्लबवाले त्या दिवशी हात वर न करता हसले, आणि बराच वेळ हसले. दुसऱ्या दिवसापासून क्लब साडेसहाला भरायला लागला.

माझी कंपनीतली नोकरी ऐकण्याचीच होती. दिवसभर हेडफोन लावून दुसऱ्यांनी घेतलेले कॉल तपासायचे, कुठे काय चुकलं, काय सुटलं ते लिहायचं. हे कळल्यावर काकूंनी मला रविवारची ड्यूटी लावली. आठवड्याची रेकॉर्डिंग ऐकायची आणि रजिस्टरशी ताडून बघायची. त्याआधी त्यांनी मला शिकवलं. सगळे पक्षी त्यांच्याच जुन्या रेकॉर्डिंगवरून शिकले मी. तांबट, सुभग, हळद्या, शिंपी. आणि एक दिवस त्यांनी पाच वर्षांपूर्वीचं एक रेकॉर्डिंग लावलं. त्यात सुई टोचल्यासारखं चिक, चिक, चिक असं कोणीतरी करत होतं.

"हा फुलटोच्या. अंगठ्याएवढा जीव. आपल्या चेरीवर रोज यायचा, फळं खायला. आवाज इतका बारीक की शेजारी भांडं वाजलं तरी बुडतो." मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, आला नाही. तो मोबाइलचा टॉवर झाला ना पलीकडे, तेव्हापासून गेला बहुतेक."

तेव्हा ते रेकॉर्डिंग त्या स्वतः ऐकत नव्हत्या, लावून देऊन माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

फुलटोच्या गेल्याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर, पाण्याच्या टाकीच्या सूचनेशेजारी, त्यांचा कागद लावलेला असायचा. "फुलटोच्या ऐकू आल्यास कळवावे. दिसल्यास कळवण्याची गरज नाही." खाली सही. कोणी कळवलं नाही, कारण फुलटोच्या म्हणजे काय हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

आणि एका रविवारी, त्याच आठवड्याच्या रेकॉर्डिंगमध्ये, आमच्याच चेरीखाली काकूंनीच रेकॉर्ड केलेल्या आवाजात मला तो ऐकू आला. चिक, चिक, चिक. रजिस्टर बघितलं. पाच सत्तावन्न, दयाळ. सहा वाजून एक मिनिट, शिंपी. फुलटोच्या नाही. मला वाटलं, माझीच चूक. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग मी मागच्या महिन्याची रेकॉर्डिंग काढली. जवळजवळ रोज होता. काकू त्याच्या खाली छत्री धरून उभ्या होत्या आणि घरी येऊन त्याच्यासाठी नोटीस लावत होत्या.

मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत दीड महिना गेला. ज्या बाईनं आकड्यांवरून माझा जिल्हा ओळखला होता, तिला मी कसं सांगणार होते की तुम्हाला आता ऐकू येत नाही?

ते शेवटी माझ्या हातात राहिलंच नाही. खाडीकाठच्या तळ्यावर आमच्या भागातलं एक पक्षिमंडळ महिन्यातून एकदा पहाटे लोकांना घेऊन जायचं. त्या महिन्यात त्यांनी ठरवलं, या वेळी बघायचं नाही, फक्त ऐकायचं. आणि ऐकायचं म्हटल्यावर काकूंना बोलावलं. चाळीसेक माणसं आली होती, निम्मी निवृत्त, निम्मी तरुण. काकू गडद निळ्या साडीत, छत्री घेऊन. टेलिफोनचा आवाज लावलेला. "डावीकडे, पाण्याच्या कडेला, पाणकोंबडी. उजवीकडे वर, तारेवर, खंड्या. मागे लांब, भारद्वाज." लोक माना डोलवत होते. मला अभिमान वाटत होता.

तेवढ्यात तन्मय नावाचा एक मुलगा, पंचविशीतला, ऐरोलीलाच कुठे तरी सॉफ्टवेअरमध्ये असलेला, पक्ष्यांचे आवाज ओळखणारं ॲप लावलेला मोबाइल पुढे करून नम्रपणे म्हणाला, "मॅडम, ॲप फुलटोच्या दाखवतंय."

"नाही," काकू म्हणाल्या. "फुलटोच्या इथून गेला. असता तर मला आधी कळलं असतं."

"पण मॅडम, परत दाखवतंय. मला पण ऐकू येतोय बहुतेक. चिक चिक..."

"बाळ, ते यंत्र आहे. त्याला कुठलाही किडा फुलटोच्या वाटतो. आणि तुला ते जे सांगतं ते ऐकू येतं." लोक हसले. तन्मयचे कान लाल झाले. काकूंनी माझ्याकडे तोंड वळवलं. "तू सांग. आहे का इथं फुलटोच्या?"

तो आमच्या डोक्यावर दोन हातांवर ओरडत होता.

"नाही काकू," मी म्हणाले. "मलाही नाही ऐकू आला."

"सॉरी मॅडम," तन्मयनं मोबाइल खिशात ठेवला. "ॲप चुकतं कधी कधी."

परत येताना आम्ही रिक्षा केली. सीवूड्स मागे पडलं तेव्हा काकू म्हणाल्या, "परत म्हण."

"काय?"

"'मलाही नाही ऐकू आला.' परत म्हण."

मी म्हटलं. माझा मलाच आवाज कसातरी वाटला.

"'नाही'वर सूर चढतो तुझा. आधीही चढला होता. मला वाटलं, थंडीनं." रिक्षा सिग्नलला थांबली. "तू खोटं का बोललीस?"

 उत्तर त्यांनी स्वतःच शोधलं. मला दिसत होतं ते शोधताना. एकेक करत मागे मागे जात होत्या.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"मला कळून दीड महिना."

"आणि मला येईनासं होऊन?"

"दोन वर्षं असतील, काकू."

मग गावचा आवाज आला. "मला खुळी समजतीस व्हय गं? दीड म्हैना माझ्या घरात ऱ्हाऊन गप बसतीस, माझ्या हातचं खातीस, आन्..." पण तो पुढे चालला नाही.  रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि नजर काढून घेतली. घर येईस्तोवर त्या एवढंच म्हणाल्या, "मी त्या पोराला खोटं पाडलं. चाळीस माणसांत."

अकरा दिवस छत्री खिळ्यावर होती. नोटीस बोर्डावरचा कागद त्यांनी स्वतः जाऊन काढला. सकाळी साडेपाचला त्यांच्या खोलीतला दिवा लागायचा आणि रेडिओ सुरू व्हायचा, मोठ्यानं. मला चहा मिळत होता, पण माझा कप टेबलावर ठेवून त्या आत जायच्या.

बाराव्या दिवशी म्हणाल्या, "वाशीला कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय. येशील?"

काचेच्या छोट्या खोलीत बसवून त्यांना हेडफोन लावला. दोन्ही कानांना. उजवीकडचा त्यांना सारखा टोचत होता. आवाज आला की बटण दाबायचं. मी काचेतून बघत होते. आधी बटण पटापट दाबलं जात होतं. मग हळूहळू. मग काकू नुसत्याच बटणावर बोट ठेवून, मान किंचित तिरकी करून, वाट बघत बसल्या. त्या बसलेल्या मला अजून दिसतात.

डॉक्टरीण बाईंनी आलेख दाखवला. रेघ बराच लांब सपाट होती आणि मग एकदम खाली गेलेली.

"हा तर आमचा खंबाटकी घाट," काकू म्हणाल्या.

"वयानं होतं हे. आधी सगळ्यात बारीक आवाज जातात. बोलणं तुम्हाला छान ऐकू येतंय, अजून बरीच वर्षं येईल."

"आणि फुलटोच्या?"

डॉक्टरीण बाईंना फुलटोच्या कोण ते मला सांगावं लागलं.

कानातलं यंत्रही आणून बघितलं. त्यानं कुकरची शिट्टी मोठी झाली, माझ्या चपला मोठ्या झाल्या, सोसायटीची मीटिंग तर असह्य मोठी झाली. फुलटोच्या मात्र त्यातही आला नाही. काकू यंत्र मीटिंगच्या आधी काढून ठेवायला लागल्या आणि म्हणाल्या, तेवढा उपयोग आहे त्याचा.

सुचलं ते मला ऑफिसात. एखादा ग्राहक फार घाईघाईनं बोलणारा असला की आम्ही त्याचा कॉल अर्ध्या वेगानं लावतो. मग प्रत्येक शब्द कळतो, फक्त माणूस जाड आवाजात, झोपेत असल्यासारखा बोलतो. त्या दिवशी असाच एक कॉल ऐकताना मी मध्येच हेडफोन काढून बसले. अर्ध्या वेगानं आवाज जाड होतो. म्हणजे बारीक आवाजाची पट्टी खाली येते.

शनिवारी सुट्टी होती. दुपारी काकू मागच्या पायरीवर सुपात मेथी निवडत बसल्या होत्या. मी जाऊन शेजारी बसले आणि त्यांच्या डाव्या कानात गुंडी घातली.

"काय आहे?"

"ऐका तर."

त्यांनी सवयीनं डोळे मिटले. चुक... चुक... चुक. भुवया जवळ आल्या. "कोण हा? नवीन आहे. आपल्या भागातला नाही." पुन्हा ऐकलं. "ठोका सारखा आहे. मध्ये थांबतो, मग तीनदा. कुठं रेकॉर्ड केलास?"

"मी नाही केला. तुम्ही केलाय. इथंच, ह्या झाडाखाली. मी फक्त हळू केलाय."

मेथीची काडी हातातच राहिली. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. मी मोजलं नाही, पण सूप उन्हात होतं ते सावलीत आलं तोवर त्या ऐकत होत्या. शेवटी मेथीच्याच हातानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आवाज किती जाड झालाय मेल्याचा!"

मग दोघी हसत सुटलो.

त्यानंतर दोन महिने आमच्या रविवारांना दुसरं कामच नव्हतं. दोन वर्षांची सगळी रेकॉर्डिंग अर्ध्या वेगानं लावायची. फुलटोच्या सापडला की काकू रजिस्टरच्या त्या जुन्या पानावर लाल शाईनं लिहायच्या. "फुलटोच्या. लोकल. मिस्ड कॉल." काही पानांवर एवढं लाल झालं की मूळचं दिसेना. त्याच्याबरोबर आणखी एक-दोन बारीक आवाजाचे पक्षी सापडले, एक तर हिवाळी पाहुणा, ट्रंक कॉल. "इतक्या लांबून लावला त्यानं," काकू हळहळल्या, "आणि मी बोर्डावर असून उचलला नाही." नोटीस बोर्डावर नवा कागद लागला. "फुलटोच्या सापडला आहे. तो इथेच होता. टॉवरचा दोष नाही." खाली सही.

पहाटे छत्री पुन्हा निघाली. आता जाताना काकू डावा हात माझ्या हातात देत. बारीक आवाज आला की मी त्यांच्या तळहातावर अंगठा दाबायचे, पक्षी जितक्या वेळा बोलेल तितक्या वेळा. त्या मान हलवत, "हं, घेतला," म्हणत.

पण तन्मयचं त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. त्याला फोन करून सांगा, असं मी सुचवलं. त्या म्हणाल्या, "खोटं पाडलं चाळीस माणसांत आणि खरं करू एकट्यात?"

मंडळाच्या पुढच्या ऐकण्याच्या रविवारी त्या गेल्या. तीच माणसं, तेच तळं. तन्मय मागे उभा होता, मोबाइल खिशात. सुरुवातीला बोला म्हटल्यावर काकूंनी टेलिफोनचा आवाज लावला.

"मागच्या खेपेला मी इथं सांगितलं, फुलटोच्या नाही. तो होता. मागे उभा आहे तो मुलगा बरोबर होता, त्याचं ॲपही बरोबर होतं, आणि मी त्याला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. मी चुकले. तो आवाज मला ऐकूच येत नाही. डॉक्टरांनी कागद दिलाय." इथं त्यांनी खरंच पिशवीतून तो आलेख काढून वर धरला. "मला वाटायचं, मला नाही आला म्हंजी तो न्हाईच." शेवटी शेवटी आवाज गावचा झाला होता, पण त्यांनी तो बदलला नाही. "पोरा, मला माफ कर."

 तन्मय नुसता हात हलवून नको नको करत होता. मग शिरवण्याचे एक निवृत्त मास्तर, पांढरी टोपी घातलेले, घसा खाकरून म्हणाले, "बाई, आता निघालंच आहे तर सांगतो. मला तर इथं निम्मे पक्षी ऐकू येत नाहीत. तीन वर्षं झाली. बाकीच्यांनी मान हलवली की मी हलवतो."

"मी पण," मागून एक बाई म्हणाल्या. "मला वाटलं मी एकटीच."

मग आणखी एक हात वर आला, आणखी एक. मोजले तर चौदा निघाले. कोण जाणे किती दिवस ही चौदा माणसं पहाटे उठून, स्वेटर घालून, एकमेकांकडे बघून माना हलवत होती. आधी मास्तरच हसायला लागले, मग सगळंच तळं.

काकूंनी हसणं संपू दिलं आणि बोर्डावर बसल्यासारख्या भराभर जोड्या लावल्या. ज्याला येत नाही त्याच्याशेजारी ज्याला येतं तो. तू ह्यांच्याबरोबर, तुम्ही हिच्याबरोबर. मास्तरांना तन्मय दिला. आवाज आला की अंगठा दाबायचा, जितक्या वेळा तितक्या वेळा, आणि तोंडानं एक अक्षर बोलायचं नाही. सगळे हात हातात देऊन झाडाखाली उभे राहिले. नवरा-बायको नसलेली, एकमेकांची नावंही माहीत नसलेली माणसं. काकूंचा हात माझ्या हातात होता.

बराच वेळ काही नाही. मग फांदीवर तो आला. मी अंगठा दाबला. समोर तन्मयनं मास्तरांचा तळहात दाबला, चारदा.

"आला!" मास्तर खाडीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले. "आला रे आला! चारदा!"

फुलटोच्या भुर्रकन उडाला.

"मास्तर!" काकू ओरडल्या. "गेला ना तो!"

"गेला?" मास्तर तन्मयकडे वळले. "जाताना काय म्हणाला?"

तन्मयनं त्यांचा हात पुन्हा धरला, आणि अंगठ्यानं दोनदा दाबला.